पवन, पावक आणि धुराचा हिशेब

संस्कृतात ‘पवन’ आणि ‘पावक’ हे दोन्ही शब्द ‘पू’ या एकाच धातूपासून सिद्ध झाले आहेत. पवित्र करणे हा त्या धातूचा अर्थ. वारा पवित्र करतो म्हणून पवन, अग्नी पवित्र करतो म्हणून पावक. दीपावलीच्या या मंगल पर्वात घरोघरी दीप उजळत असताना, त्याच पावकाच्या पोटातून निघणारा धूर पवनाला किती मलिन करीत आहे, हा प्रश्न श्रद्धावंत कुटुंबांपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कीर्तनाच्या निमित्ताने मत्स्योदरी देवीच्या अंबडापासून थेट गोदाकाठापर्यंतची गावे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. अंतरवाली सराटी हे त्यांतलेच एक. २०२३ साली आरक्षणाच्या उपोषणामुळे या गावाचे नाव देशभर गेले. परंतु तेथील माणूस कोणती हवा श्वासात घेतो, हे कोणी विचारले नाही. जिल्ह्याचे ठिकाण जे जालना, त्याची मात्र नोंद झाली आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर केला. हवेचे मानक न पाळणाऱ्या शहरांच्या त्याच्या यादीत मुंबई, पुणे, नागपूर यांच्या पंक्तीला जालनाही बसले. भंगार वितळवून सळई घडविणाऱ्या भट्ट्यांचे हे शहर. त्यामुळे ते यादीत असावे याचे कोणाला नवल वाटले नाही. पण दोष सारा भट्ट्यांचाच, असे म्हणून आपण मोकळे व्हावे काय?

येथेच शास्त्राची गरज पडते. हवेतील सूक्ष्म कण गाळणीच्या कागदावर धरून त्यांचे पृथक्करण केले, की प्रत्येक उगम आपली ओळख देतो. सिलिकॉन व अ‍ॅल्युमिनियम आढळले तर ती माती. पोटॅशियम अधिक असेल तर काडीकचरा, लाकूड, पाचट यांचा धूर. लोह, जस्त, शिसे सापडले तर भंगाराच्या भट्टीकडे बोट जाते. दुसरीकडे गावातील चुली, वाहने, बेकऱ्या, वीटभट्ट्या मोजून कोण किती धूर सोडतो याची खतावणी मांडतात. दोन्ही हिशेब जुळले तरच उपाय नेमका सापडतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सहा शहरांत असा अभ्यास करविला. त्यात मुंबईचे काम नागपूरच्या ‘नीरी’ने, तर पुण्याचे ‘एआरएआय’ या संस्थेने केले. अनेकांना वाटले होते की सारा दोष धुराड्यांचा निघेल. प्रत्यक्षात रस्त्यावरून उडणाऱ्या धुळीचा वाटाही फार मोठा निघाला.

आमचे म्हणणे एवढेच की हा हिशेब शहराच्या वेशीवर थांबू नये. वाऱ्याला नगरपालिकेची हद्द ठाऊक नाही. कोळशातून निघणारा गंधकाचा वायू आणि शेणखत व युरियातून सुटणारा अमोनिया हवेत एकत्र आले की नवेच सूक्ष्म कण जन्म घेतात, आणि ते शेकडो कोस जातात. शहराचा धूर खेड्यात जातो, तसा खेड्याचाही शहरात येतो. कार्तिक लागला की गार हवा जमिनीलगत दबून राहते, धूर वर जात नाही. नेमका हाच काळ उसाच्या तोडणीचा! एका हेक्टरात आठ ते दहा टन पाचट निघते. तोडकरी मिळत नाहीत, पुढच्या पिकाची घाई असते, म्हणून शेतकरी फडाला काडी लावतो. त्याला दोष देणे सोपे आहे. पाचटाची कुट्टी करणारे यंत्र वेळेवर त्याच्या बांधावर पोहोचविणे अवघड, आणि कारखान्यांनी व शासनाने करावयाचे तेच आहे. तेच पाचट सरीत दाबले तर ओल टिकते आणि जमिनीचा कस वाढतो. पऱ्हाटीचेही तसेच. भट्टीवाल्यांना मात्र आमची सवलत नाही: धूर ओढून घेणारी झाकणे आणि कापडी गाळण्या त्यांना परवडतात, त्या बसविल्या असतील तर रात्रीही चालू हव्यात.

आता आपल्या अंगणाकडे. सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात दिवाळीच्या फटाक्यांना रात्री ८ ते १० एवढीच मुभा दिली. ‘नीरी’ने काढलेल्या हरित फटाक्यांनीही धूर कमी होतो, नाहीसा होत नाही. काही वाचक आम्हांस विचारतील, शास्त्रीबुवा, होमाचा धूर तरी पवित्र ना? मंत्राचे पावित्र्य आम्ही जाणतो, त्यातच आमचे आयुष्य गेले. पण केसाच्या तिसाव्या भागाहून बारीक असलेला कण फुप्फुसात उतरताना तो समिधेचा की पाचटाचा, हा भेद छाती करीत नाही. बंद खोलीत, तान्ह्या बाळाजवळ होम किंवा चूल पेटवू नये, एवढे तरी आमच्या माता-भगिनींनी आज ठरवावे.

जालन्याच्या हवेचे मोजमाप होते, ते होत राहो. पण त्याच जोडीने एक यंत्र अंतरवाली सराटीसारख्या गावात, गाळपाच्या आधीपासून पुढच्या पावसापर्यंत ठेवावे, आणि त्याचे आकडे दर महिन्याला ग्रामसभेत सोप्या मराठीत वाचून दाखवावेत, ही मागणी आम्ही महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळापुढे ठेवीत आहोत.