लोर्नाचा आवाज, पेरींचा ट्रम्पेट

बदलापूर लोकलमध्ये ऐकायला काहीतरी वेगळं सुचवा, असं चामटोलीचे एक वाचक म्हणाले. आमचं उत्तर: गोव्याच्या गायिका लोर्ना. शब्द कोंकणी, चाली ख्रिस पेरींच्या, अंगात मुंबईचा जॅझ. चर्चगेटच्या अ‍ॅस्टोरिया हॉटेलातल्या 'व्हेनिस' नाइटक्लबमध्ये ही जोडी गाजली. हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद सांभाळणाऱ्या गोवेकरांनी स्वतःच्या भाषेत काय केलं असतं, ते इथे ऐकू येतं. 'बेबदो' हे गाणं लावा, लोर्नांचा दणकट, किंचित खरबरीत आवाज ब्रासला जराही दबत नाही. पेरी गाणी लिहीत, बांधत आणि ट्रम्पेटही वाजवत. स्वभावाने मात्र हट्टी म्हणतात. जोडी फुटली, लोर्ना वर्षानुवर्षं गप्प राहिल्या. १९९५मध्ये गोव्यात मिरामारला त्या पुन्हा गायल्या. पेरी २००२मध्ये गेले. या जोडीवरून सुचलेला 'नाचुंया कुंपासार' चित्रपट जरूर पाहा, पण आधी मूळ रेकॉर्ड ऐका.