वाढीव पाट्यांचा हिशेब

रनाळ्यासारख्या गावातून बाजारात माल नेणाऱ्या गाडीची मागची बाजू उंच राहावी म्हणून कमानीत एकदोन जादा पाटे घातले जातात. मग कितीही भरली तरी गाडी दबत नाही आणि मालक निर्धास्त होतो. वस्तुतः नाहीसा होतो तो केवळ धोक्याचा इशारा. ॲक्सल, टायर, ब्रेक मूळच्याच कुवतीचे राहतात. ॲक्सलवरील भार दुप्पट झाल्यास रस्त्याची झीज सुमारे १६ पट होते, हे अमेरिकेतील १९५८-६० च्या चाचण्यांपासून सर्वमान्य आहे. फेरी वाचते मालकाची, डांबर उखडते सर्वांचे! २०१९ च्या दुरुस्तीने अशा बेकायदा फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड, वा दोन्ही, ठरविले. परंतु ते गाडीमालकास. एकाच भाड्यात दीडपट माल रेटणारा व्यापारी या कलमाच्या कक्षेत येतच नाही.