काटा कुणाच्या हाती?

वजनी गटाच्या कबड्डी स्पर्धा ज्यांनी गावोगाव पाहिल्या आहेत, त्यांना मैदानाच्या कडेला ठेवलेला वजनकाटा आठवत असेल. सामन्याआधी एकेक खेळाडू त्यावर उभा राहतो आणि वजन ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक भरले, तर तो कितीही गुणी असला तरी त्याला बाजूला व्हावे लागते. या नियमात कुणाला अन्याय वाटत नाही. थोराड गड्याने कोवळ्या पोराला केवळ अंगबळावर चिरडू नये, जिंकायचे तर दमाने, चपळाईने आणि डोक्याने जिंकावे, एवढाच त्यामागचा साधा न्याय आहे.

२०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमध्येही एक काटा आहे. पण तो अंगाचा नव्हे, पैशाचा. खेळाडूंचा लिलाव होतो आणि एका संघाने त्यांच्यावर एकूण किती खर्च करावा याला कमाल मर्यादा असते. २०२४ च्या अकराव्या हंगामात ती संघामागे ५ कोटी रुपये होती. या मर्यादेवरून आपल्या रावेर तालुक्यातील तरुणांत जे वाद रंगतात, ते चहाच्या टपरीवर बसणाऱ्या कोणत्याही कार्यकर्त्याच्या कानावर पडले असतील. कुणी यू मुंबाचा, कुणी पुणेरी पलटणचा. आपल्या खानदेशाचा संघ लीगमध्ये नाही. तरी मुंबई-पुण्याच्या या वैरात आमची पोरे घसा कोरडा करतात. अमक्याच्या मालकाने खेळाडू स्वस्तात राखून ठेवला, तमक्याला लिलावात मुद्दाम चढवले, मर्यादा सर्वांना सारखी असूनही काहींच्या वाट्याला अधिक सारखी येते, असे आरोप-प्रत्यारोप होत राहतात.

पोरासोरांची करमणूक म्हणून या वादाकडे दुर्लक्ष करणे योग्य नव्हे, असे मला वाटते. समता म्हणजे काय आणि ती कुणामध्ये असावी, हा आपल्या विचाराच्या मुळाशी असलेला प्रश्नच हे तरुण नकळत चघळत आहेत. त्यांच्याशी या प्रश्नावर बोलायचे, तर आधी आपली भूमिका स्वच्छ असली पाहिजे.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, खर्चाची मर्यादा ही तत्त्वतः चांगली गोष्ट आहे. ज्याची थैली मोठी त्याचाच विजय, हा बाजाराचा नियम येथे थोडातरी रोखला जातो. पहिल्या बारा हंगामांत जयपूर, मुंबई, पाटणा, बंगळूर, बंगाल, दिल्ली, पुणे आणि हरियाणा असे आठ वेगवेगळे विजेते झाले. २०२३ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले, म्हणजे आपल्या मर्यादेच्या निम्म्याहून अधिक रक्कम एका खेळाडूवर लावली. तो संघ २२ पैकी अवघे दोन सामने जिंकून तळाशी गेला. त्याच लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतले आणि तो संघ मार्च २०२४ मध्ये विजेता ठरला. कारण त्याच्या बाजूला तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील कर्णधार अस्लम इनामदारसारख्या, संघाने स्वतः घडवलेल्या तरुणांची फळी उभी होती. मर्यादा असली की पैसा एकटा जिंकत नाही. माणसे घडवावी लागतात. हा लाभ लहान नाही.

परंतु येथेच थांबणारे अर्धेच सत्य पाहतात. रावेरच्या केळी उत्पादकाला काट्याविषयी काही शिकवावे लागत नाही. घड काट्यावर चढतो तेव्हा आकडा बरोबर आहे की नाही, एवढेच तो पाहत नाही. काटा कुणाच्या मालकीचा, कटती कोण ठरवतो आणि जाहीर झालेला भाव बांधावर हाती का पडत नाही, हेही तो विचारतो. तोच प्रश्न खेळाच्या काट्यालाही विचारला पाहिजे. या काट्यावर कोण चढतो? खेळाडू चढतो. मालक चढत नाही. खेळाडूंच्या मेहनतान्याला मर्यादा आहे. मालकाच्या नफ्याला, प्रक्षेपणाच्या कमाईला आणि जाहिरातींच्या उत्पन्नाला मर्यादा नाही. संघमालकांनी आपापसांत चढाओढ करून मजुरी वाढवू नये, असा हा करार आहे. इतर कोणत्याही धंद्यात मालकांनी एकत्र येऊन मजुरीची कमाल रक्कम ठरवली असती, तर आपण त्याला मक्तेदारी म्हटले असते.

क्रिकेटचे आकडे उघड आहेत म्हणून तेच पाहू. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांसाठी आयपीएलचे प्रक्षेपणहक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. म्हणजे वर्षाला सरासरी ९,६७८ कोटी. २०२५ च्या हंगामात दहा संघांची खर्चमर्यादा प्रत्येकी १२० कोटी, म्हणजे एकूण १,२०० कोटी होती. त्या वर्षापासून सुरू झालेले सामनाशुल्क, संघामागे १२ कोटी ६० लाख, त्यात मिळवले तरी केवळ प्रक्षेपणाच्या रुपयातले चौदा पैसेदेखील खेळणाऱ्यांपर्यंत पोहोचत नाहीत. तिकिटे आणि जाहिराती यांची कमाई तर या हिशेबात धरलेलीच नाही. ऋषभ पंतला २७ कोटी मिळाले म्हणून डोळे विस्फारणाऱ्याने उरलेल्या शहाऐंशी पैशांकडेही एकदा पाहावे.

समतेसाठी मर्यादा आणि मालकांसाठी मर्यादा यांतील हा संघर्ष नवा नाही. ऑस्ट्रेलियात, विशेषतः मेलबर्नच्या परिसरात, लांबट चेंडूने खेळल्या जाणाऱ्या त्यांच्या स्वतःच्या फुटबॉलमध्ये तो जवळजवळ शंभर वर्षे चालू आहे आणि आपल्याला त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. जागतिक मंदीच्या काळात, १९३० साली, तेथील व्हिक्टोरियन लीगने खेळाडूला एका सामन्याचे तीन पौंडांहून अधिक देऊ नये असा नियम केला. पुढे १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून ग्रामीण मुलुखाची क्लबांमध्ये वाटणी झाली. ज्या भागात पोरगा वाढला, त्या भागाच्या क्लबाशी तो बांधला जाई. १९८२ मध्ये साउथ मेलबर्नचा संघ सिडनीला हलवला गेला, तेव्हा सिल्व्हिओ फॉस्चिनी या तरुण खेळाडूने तेथे जाण्यास नकार दिला आणि तो न्यायालयात गेला. त्याला बांधून ठेवणारे नियम म्हणजे उपजीविकेच्या स्वातंत्र्यावरील गैर बंधन आहे, असा निकाल १९८३ मध्ये लागला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९८५ मध्ये, संघांच्या वेतनखर्चावर मर्यादा आली आणि १९८६ मध्ये नव्या खेळाडूंची निवड तळाच्या संघाने प्रथम करावी अशी पद्धत सुरू झाली.

तेथील क्लबांची वैरे आपल्या मुंबई-पुण्याहून कितीतरी जुनी आहेत. कामगारवस्तीतून वाढलेला कॉलिंगवुड आणि शेजारचा कार्लटन यांच्या चाहत्यांत पिढ्यान्‌पिढ्यांचे हाडवैर. कार्लटनने चोरवाटेने खेळाडूंना मर्यादेपेक्षा अधिक पैसे दिल्याचे २००२ मध्ये उघड झाले, तेव्हा त्या क्लबाला ९ लाखांहून अधिक डॉलर दंड झाला आणि नव्या खेळाडूंच्या निवडीतील पहिले हक्कही गेले. सिडनीच्या संघाला महागाईपोटी मर्यादेपेक्षा जास्त रक्कम दिली जाई. २०१३ मध्ये त्याच संघाने लान्स फ्रँकलिन या मोठ्या खेळाडूला नऊ वर्षांसाठी करारबद्ध केल्यावर मेलबर्नच्या चाहत्यांनी एवढे रान उठवले की तो भत्ता पुढे टप्प्याटप्प्याने बंद करावा लागला. वाद आपल्या टपरीवरच्यासारखेच, हे दिसतेच.

फरक आहे तो दोन गोष्टींत. एक, तेथील बहुतेक क्लब कुणा उद्योगपतीच्या मालकीचे नसून सभासदांचे आहेत. कॉलिंगवुडचे सभासद लाखाहून अधिक आहेत. सहकाराचा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्राला हे ऐकून थोडी लाज वाटायला हरकत नाही. दोन, तेथील खेळाडूंची संघटना १९७३ पासून उभी आहे आणि मर्यादेचा आकडा तिच्याशी वाटाघाट करून ठरतो. २०२३ च्या करारात पुरुष आणि स्त्री खेळाडूंचा विचार प्रथमच एकत्र झाला आणि खेळाच्या उत्पन्नातील खेळाडूंचा वाटा सुमारे तीस टक्क्यांच्या घरात ठरला. म्हणजे काटा तेथेही आहे. पण त्याच्या दुसऱ्या बाजूला खेळाडूचाही हात आहे.

आपल्याकडचा इतिहास याहून वेगळ्या वाटेने गेला. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि देशावरून आलेल्या कामगारांनी चाळींच्या अंगणात कबड्डी जगवली. बुवा साळवींसारख्या संघटकाने तिला नियमांची शिस्त दिली. पुढे बँका, रेल्वे, पोलीस आणि मोठ्या कंपन्या चांगल्या खेळाडूला नोकरी देऊ लागल्या. त्या नोकरीत कोट्यवधी रुपये नव्हते. पण गुडघा मोडला तरी महिन्याचा पगार थांबत नव्हता. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बुडाल्या, पुढे कायम नोकऱ्याही आटत गेल्या आणि त्यांची जागा हंगामी कराराने घेतली. कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई २०१८ मध्ये ३६ लाख ४० हजारांना यू मुंबाकडे खेळला आणि पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. त्याच्या गुणांचे ते चीज झाले, याचा आनंदच आहे. पण २०२४ मध्ये सर्वांत खालच्या गटातील खेळाडूची पायाभूत किंमत ९ लाख होती. २०२३ च्या सर्वोच्च बोलीच्या तुलनेत ती जेमतेम एकोणतिसाव्या हिश्शाइतकी भरते. आणि ज्यांच्या नावावर बोलीच लागत नाही त्यांची तर मोजदादही होत नाही.

स्त्रियांचे तर नावच नको. २०१२ साली पाटण्यात विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात अभिलाषा म्हात्रे, सुवर्णा बारटक्के आणि दीपिका जोसेफ या तीन महाराष्ट्रकन्या होत्या. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत स्त्रियांनी सुवर्णपदक आणले. पण प्रो कबड्डीच्या जोडीने स्त्रियांची स्पर्धा झाली ती २०१६ मध्ये, तीन संघांची, आणि तीही पुढे चालवली गेली नाही. ज्यांना काट्यावर उभेच राहू दिले जात नाही, त्यांच्याशी समतेच्या गप्पा कशा माराव्या?

आपल्यातलेच काही जण विचारतील: कोटी कमावणाऱ्याची कड आपण का घ्यावी? शेतमजुराचे प्रश्न संपले काय? संपले नाहीत. पण कोट्यधीश खेळाडू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत; त्यांच्या मागे हजारो पोरे आहेत, जी शेतमजुरांचीच मुले आहेत आणि पहाटे केळीच्या बागेत राबून संध्याकाळी मैदानात उतरतात. त्यांच्यातल्या एखाद्याचे नाव लिलावात आलेच, तर त्याला घडवणाऱ्या गावच्या मंडळाला त्यातला एक पैसाही पोहोचावा, असा हक्क कुठे लिहिलेला नाही. घड दिल्लीत विकला जातो, खोड मात्र रावेरच्या बांधावर राहते. तसेच हे आहे.

म्हणून आपली मागणी मर्यादा उठवण्याची नसावी. ती उठली तर सर्वांत श्रीमंत मालकाचे राज्य येईल. आपली मागणी काटा पुरा करण्याची असावी. कमाल मर्यादेबरोबर किमान वेतन, दुखापतीचा विमा आणि उत्पन्नातील निश्चित वाटा लिखित असावा. हे आकडे खेळाडूंच्या मान्यताप्राप्त संघटनेशी बोलून ठरावेत. स्त्रियांची लीग याच चौकटीत सुरू व्हावी. आणि जागतिक फुटबॉलमध्ये २००१ पासून जी पद्धत आहे, ती येथे आणावी: खेळाडू पैसे घेऊन एका क्लबाकडून दुसऱ्याकडे जातो, तेव्हा त्या रकमेचे पाच टक्के त्याला बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत घडवणाऱ्या क्लबांना मिळतात. प्रो कबड्डीच्या बारा संघांची मर्यादा मिळून ६० कोटी होते. त्याचे पाच टक्के म्हणजे दरसाल तीन कोटी. खेळाडूच्या वाट्याला हात न लावता, मालकांनी ही रक्कम वर द्यावी. एवढ्यात किती गावांची मैदाने, किती मॅट आणि किती पोरांचा खुराक निघेल, याचा हिशेब प्रत्येक तालुक्याने करून पाहावा.

हे काम मुंबईत बसून होणारे नाही. रावेरच्या, यावलच्या, मुक्ताईनगरच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या गावच्या कबड्डी मंडळांना एकत्र बोलवावे, ही मागणी ठरावाच्या रूपाने मांडावी आणि जिल्हा संघटनेकडून ती राज्य संघटनेपर्यंत न्यावी. मुंबा आणि पलटण यांच्यातले वैर खुशाल रंगू द्या. वैराशिवाय खेळाला रंग नाही. फक्त त्या भांडणात रंगलेल्या तरुणाला एवढे विचारा: बाबा, दोन्ही बाजूंचे गडी काट्यावर चढले, हे आपण पाहिले, पण काटा धरणाऱ्याचे वजन कधी झाले काय?