नकाशा कोणाच्या मालकीचा?

शेतमालाच्या वाहतुकीचे ॲप असो, रुग्णवाहिका बोलावण्याचे असो वा गावोगावच्या दवाखान्यांची माहिती देणारे असो, ते बांधावयास बसलेल्या तरुणांपुढे आरंभीच एक प्रश्न उभा राहतो. नकाशा कोणाचा घ्यावयाचा आणि ठिकाण शोधून देण्याचे काम कोणत्या सेवेवर सोपवावयाचे? हा प्रश्न केवळ तांत्रिक समजला जातो. दर, अचूकता आणि वेग यांचे एक कोष्टक मांडले जाते आणि ज्या सेवेला अधिक गुण पडतील ती घेतली जाते. या कोष्टकात मालकीचा रकाना बहुधा नसतो, आणि पुढे पश्चात्तापाची पाळी येते ती नेमकी त्याच रकान्यापायी.

प्रथम हे ध्यानी घ्यावयास हवे की नकाशा आणि शोध ही दोन वेगळी कामे आहेत. नकाशा जमीन दाखवितो. माणसाने लिहिलेल्या शब्दांवरून त्या जमिनीवरील नेमकी जागा ठरविणे हे शोधाचे काम. आपल्याकडे हे दुसरे काम अधिक बिकट आहे. वडगाव, पिंपळगाव, निमगाव या नावांची गावे महाराष्ट्रात किती आहेत हे पोस्टमनला विचारावे. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले ते २०२३ साली. लोक दोन्ही नावे लिहितात, कोणी देवनागरीत तर कोणी रोमन लिपीत. ‘मारुतीच्या देवळामागे’ हाच ज्यांचा पत्ता, त्यांची तर गोष्टच वेगळी. म्हणजे एकाच सेवेचा नकाशा चांगला आणि शोध सुमार असू शकतो. तरीही दोन्ही एकाच दुकानातून घेतली जातात, कारण दुकानाच्या अटीच तशा असतात. गूगलच्या शोधसेवेतून मिळालेली ठिकाणे दुसऱ्याच्या नकाशावर दाखविता येत नाहीत. त्यांचे अक्षांश-रेखांश तीस दिवसांपलीकडे जपून ठेवता येत नाहीत. कायम ठेवता येतो तो गूगलने त्या ठिकाणाला दिलेला क्रमांक, आणि त्या क्रमांकाला गूगलच्या दाराबाहेर काही अर्थ नाही.

या मालकीचा इतिहास उद्‌बोधक आहे. २००८ साली गूगलने ‘मॅप मेकर’ नावाचा उपक्रम सुरू केला. त्यामागे भारतीय अभियंत्यांचाच पुढाकार होता. ज्या देशांचे तपशीलवार नकाशे सहजी मिळत नव्हते, तेथील नागरिकांनी स्वतःच रस्ते, शाळा, दवाखाने नकाशावर नोंदवावेत अशी ती कल्पना. भारतात असंख्य उत्साही माणसांनी रात्री जागून आपली गावे नोंदविली. २०१३ साली त्यासाठी ‘मॅपेथॉन’ ही स्पर्धाही भरविण्यात आली. सर्व्हे ऑफ इंडियाने तिला आक्षेप घेतला तो देशाच्या सुरक्षिततेच्या मुद्द्यावर, आणि चर्चा त्याच मुद्द्याभोवती फिरत राहिली. हे श्रम कोणाच्या खात्यावर जमा होत आहेत हा प्रश्न बाजूला पडला. मार्च २०१७ मध्ये उपक्रम बंद झाला. नोंदी राहिल्या, त्यांवरील अधिकार गूगलकडे राहिला.

त्यानंतर अवघ्या सव्वा वर्षाने, २०१८ च्या जुलैत, गूगलने नकाशासेवेचे नवे दर लागू केले. तोपर्यंत दिवसाला २५ हजार वेळा नकाशा मोफत उघडता येई. नव्या व्यवस्थेत महिन्याला २०० डॉलरची सवलत ठेवण्यात आली आणि हजार वेळांना ७ डॉलर असा दर लावण्यात आला. म्हणजे महिन्याला सुमारे साडेसात लाखांची मोफत मर्यादा २८ हजारांवर आली. शिवाय ही सवलत मिळविण्यासाठीही देयकाचे खाते उघडणे सक्तीचे झाले. मार्च २०२५ मध्ये तर सवलतीची ही पद्धतही बदलण्यात आली. ज्यांनी फुकट राबून नकाशा भरला, त्यांच्याच गावच्या तरुणांना तो आता मोजून विकत घ्यावा लागतो. याला व्यापार म्हणावयाचे असेल तर म्हणावे. परंतु गिरणीमालकानेही कामगाराला निदान पगार दिला होता.

जुलै २०२४ मध्ये ओला कंपनीने गूगलचा नकाशा सोडला आणि स्वतःची नकाशासेवा इतरांनाही देऊ केली. त्याच महिन्यात गूगलने भारतापुरते दर ७० टक्क्यांपर्यंत उतरविण्याचे जाहीर केले. ग्राहकांनी याचे स्वागत केले ते स्वाभाविकच. परंतु जो दर प्रतिस्पर्धी दिसताच इतका खाली येतो, तो खर्चावर बेतलेला नव्हता एवढे उघड आहे. आणि प्रतिस्पर्धी दमला की तो पुन्हा चढणार नाही याची हमी कोण देणार? मालक स्वदेशी असल्याने हा प्रश्न सुटत नाही. स्वदेशी सावकाराचे व्याजही व्याजच असते.

दरवाढ एक वेळ सोसता येते. दुकानच बंद झाले तर? मायक्रोसॉफ्टने आपल्या बिंग शोधाची जोडणी, जिच्या आधारावर अनेकांनी आपली ॲप्स उभारली होती, ११ ऑगस्ट २०२५ रोजी बंद केली. बिंगच्या नकाशासेवेची मोफत खाती त्याआधी जूनअखेरच गुंडाळली गेली होती. याउलट घडलेले उदाहरणही आहे. स्वतःच्या माहितीत शोध घेण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या इलॅस्टिकसर्चच्या मालक कंपनीने २०२१ च्या जानेवारीत त्याचा मुक्त परवाना काढून घेतला. पण आधीची आवृत्ती मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध झालेली होती. ती परत घेणे कोणाच्याच हाती नव्हते. तिच्यावरून ॲमेझॉनने ओपनसर्च उभे केले आणि २०२४ साली ते लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेले. ॲमेझॉन काही लोकहितासाठी धावली नव्हती. तथापि परवाना मुक्त असल्यामुळे लहानातल्या लहान वापरणाऱ्यालाही बाहेर पडावयास दार शिल्लक राहिले. बिंगच्या ग्राहकांना असे दार नव्हते.

नकाशाच्या बाबतीत हे दार ओपनस्ट्रीटमॅपने उघडे ठेवले आहे. २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी आरंभिलेल्या या उपक्रमात नोंदी करणारे स्वयंसेवकच असतात. फरक एवढाच की ती माहिती कोणालाही संपूर्णपणे उतरवून घेता येते. ऋणनिर्देश करावा, आणि तिच्यातून घडविलेला माहितीसंग्रह प्रसिद्ध केला तर तो त्याच परवान्याखाली खुला ठेवावा, या तिच्या मुख्य अटी. २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळमधील रस्ते आणि वस्त्या जगभरच्या हजारो स्वयंसेवकांनी याच नकाशावर रेखाटल्या आणि मदत पथकांनी त्या वापरल्या.

अर्थात भाबडेपणा येथेही उपयोगाचा नाही. आपल्या अनेक तालुक्यांत हा मुक्त नकाशा अजून विरळ आहे. शहरातील दुकाने आणि रस्त्यावरील गर्दी यांच्या माहितीत गूगल पुष्कळ पुढे आहे. मुक्त म्हणजे बिनखर्ची असेही नव्हे. ओपनस्ट्रीटमॅपचा सार्वजनिक शोध-सर्व्हर सेकंदाला एकाहून अधिक विचारणा करू देत नाही, आणि ते योग्यच आहे; धर्मशाळेत कोणी कायमचा संसार थाटू नये. मोठे काम असेल तर स्वतःचा सर्व्हर आणि तो सांभाळणारे माणूस लागते. आज ज्या तरुणाजवळ भांडवल नाही त्याने अडचणीपोटी गूगलचा नकाशा घेतला, तर त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने तीन पथ्ये मात्र पाळावीत. नकाशा आणि शोध यांची जोडणी कार्यक्रमात स्वतंत्र ठेवावी, म्हणजे एक बदलताना दुसरे मोडणार नाही. आपल्या माणसांनी हिंडून गोळा केलेली ठिकाणे, त्यांची स्थानिक नावे आणि अक्षांश-रेखांश आपल्याच संग्रहात, कोणाच्याही अटीविना, ठेवावेत. आणि फुकट मर्यादा उद्या संपली तर महिन्याचे देयक किती येईल, हे पहिल्याच दिवशी मांडून पाहावे.

शासनाला मात्र ही सवलत देता येणार नाही. सर्व्हे ऑफ इंडियाची स्थापना १७६७ सालची. अडीच शतके या देशाची जमीन मोजली गेली ती जनतेच्या पैशातून. फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशे बनविण्यावरील परवान्यांचे जोखड काढले, हे चांगलेच झाले. पण त्या मोकळिकीचा लाभ केवळ कंपन्यांनी घ्यावयाचा काय? आमची मागणी साधी आहे. जे ॲप सरकारी तिजोरीतून बांधले जाईल, त्याचा नकाशा मुक्त असावा. शाळा, आरोग्य उपकेंद्रे, एसटीचे थांबे आणि रेशनची दुकाने यांची ठिकाणे मराठी नावांसह, कोणालाही वापरता येतील अशी प्रसिद्ध व्हावीत. ग्रामसेवक, आशाताई आणि तलाठी जी दुरुस्ती नोंदवतील ती कंत्राटदाराच्या कपाटात न जाता सार्वजनिक नकाशात जावी.

मॅप मेकरच्या काळात लोकांनी आपले गाव नकाशावर आणण्याची हौस दाखविली. ती हौस आजही आहे. तिला या वेळी तरी अशी जागा मिळावी की जेथे केलेली नोंद दहा वर्षांनी त्याच गावाला विकत घ्यावी लागणार नाही.