पदुम किती दूर?

पूर्वी सुटी म्हटली की महाबळेश्वर, नाही तर कोकणातले आजोळ. हल्ली कॉलेजातली मुले नकाशा पसरून थेट झंस्कार नदीवर बोट ठेवतात आणि रबरी होडीतून राफ्टिंगला जाणार म्हणून जाहीर करतात! आई विचारते, "तिथं जेवायला काय?" वडील विचारतात, "खर्च किती?" पोचायचे कसे, हे मात्र कोणीच विचारीत नाही.

लडाखमधले पदुम हे झंस्कारचे मुख्य गाव. श्रीनगर सोडले की झोजी ला. 'ला' म्हणजेच खिंड. तेव्हा 'झोजी ला खिंड' म्हणणे हे 'पिवळे पितांबर' म्हणण्यासारखेच. मग द्रास, मग कारगिल. कारगिलहून पदुम सुमारे २३० किलोमीटर. एवढ्या अंतरात आपण पुण्याहून कोल्हापूर गाठतो आणि संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायलाही जातो. इथे वाटेत रंगदुमला मुक्काम टाकावा हेच शहाणपण.

सुरू नदीच्या काठाने जाताना नुन-कुनची हिमशिखरे दिसतात. पुढे पेन्सी ला, उंची सुमारे ४,४०० मीटर. म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर दुसरी कळसूबाई ठेवा, तरी हजारावर मीटर उरतातच. वर पोचताच ड्रांग-ड्रुंग हिमनदी समोर पसरलेली दिसते आणि बडबड्या माणसाचीही वाचा बसते. काही वाचा विरळ हवेनेही बसते, हे लक्षात असू द्या. डोके ठणकते, मळमळते. अशा वेळी बहादुरी दाखवून आणखी वर चढू नये, आणि त्रास वाढला तर तडक खाली उतरावे. विमानाने एकदम लेहला उतरणाऱ्यांनी तर पहिले दोन दिवस स्वस्थ पडून काढावे. मुलांना हेच पटत नाही.

पदुमजवळ दोन नद्या मिळून झंस्कार होते आणि उभ्या कड्यांमधून निम्मूला सिंधूत शिरते. होड्यांचे दिवस जुलै-ऑगस्टचे. रात्री मुक्काम काठावरच्या तंबूत, पाणी बर्फ वितळून आलेले. हिवाळ्यात हीच नदी गोठते. त्या बर्फाला 'चादर' म्हणतात आणि पिढ्यान्‌पिढ्या झंस्कारी माणसे तिच्यावरून चालत लेहकडे गेली.

मार्च २०२४ मध्ये निम्मू-पदुम-दारचा रस्ता जोडला गेला. त्यामुळे दरीतला एकांत गेला, अशी हळहळ काही प्रवासी करतात. करोत बापडे! भर जानेवारीत घरातले आजारी माणूस बर्फावरून न्यायची पाळी त्यांच्यावर कधी आलेली नसते. होडीवाल्याला चार दिवस शांतता हवी, गावकऱ्याला बारा महिने डॉक्टर हवा. यात कोणाची गरज मोठी?

तरीही जाताना लांबची वाटच धरावी. कारगिलकडून सावकाश चढले म्हणजे शरीराला उंचीची सवय होते. परतीला नदीच निम्मूपर्यंत आणून सोडते आणि तिथून लेह अवघे पस्तीस किलोमीटर. लोकरीचे मोजे मात्र दोन जोड जास्त घ्यावेत. एक जोड ओला होणारच.