बुद्धाला परमेश्वर करू नका

बुद्ध पौर्णिमा आली की "नावं वेगळी, परमेश्वर एकच" हा फॉरवर्ड फिरतो. हेतू चांगला असेल, पण खरं नाही ते.

बौद्ध ग्रंथांत देव नाहीत असं मी म्हणत नाही. भरपूर आहेत. पण त्यांची तिथली अवस्था तर बघा! दीघनिकायातल्या केवट्टसुत्तात एक भिक्खू विचारत सुटतो, चार महाभूतं पूर्णपणे लोप पावतात ती कुठे? एकेक देवलोक पालथा घालतो, कुणालाच माहीत नाही. शेवटी महाब्रह्मा प्रकटतो आणि 'मीच कर्ता, मीच निर्माता' सुरू करतो. भिक्खू म्हणतो, हे कुठे विचारलं? असं तीनदा झाल्यावर ब्रह्मा त्याला दंडाला धरून बाजूला नेतो. या देवांना वाटतं मला सगळं कळतं, म्हणून त्यांच्यासमोर बोललो नाही; मलाही ठाऊक नाही, बुद्धालाच विचार. आता याला परमेश्वर म्हणायचं? आणि हे देव अमरही नाहीत, आयुष्य संपलं की तेही जातात.

"मग बुद्धच तुमचा देव!" अहो, नाही. बाबासाहेबांनी स्पष्ट लिहिलंय, बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही. १९५६ ला नागपुरात दिलेल्या २२ प्रतिज्ञांत बुद्ध विष्णूचा अवतार असल्याचं साफ नाकारलंय. विहारात नोकरीसाठी नवस बोलणाऱ्या आपल्याच मंडळींनीही त्या परत वाचाव्यात. यंदा फॉरवर्ड करायचंच असेल तर केवट्टसुत्त करा.

जय भीम!