डीजेला दहाची वेळ, मग विमानाला का नाही?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, रात्री १० वाजले की डीजे बंद, हे आता आपल्या पोरांनाही पाठ झालंय. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र म्हणजे १० ते ६. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. शाळेभोवतीचं शांतता क्षेत्र १०० मीटरचं, तिथे रात्री फक्त ४०.

विमानतळाचं गणित मात्र वेगळं. जून २०१८ मध्ये केंद्राने विमानतळाभोवतीच्या परिसरासाठी स्वतंत्र मानकं काढली. वर्षाला ५० हजारांहून जास्त विमानांची ये-जा असलेल्या विमानतळाला रात्री ६५ आणि त्याहून लहान विमानतळाला ६० डेसिबल. वर्गात डेसिबल शिकवताना आपण सांगतो की दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते. म्हणजे ४५ आणि ६० यांतला फरक १५ चा नाही, सुमारे ३० पटींचा आहे! शिवाय ही मोजणी सरासरीची. आठ तासांच्या सरासरीत एक विमान कुठल्या कुठे विरघळून जातं, पण झोपलेलं मूल त्या अर्ध्या मिनिटानेच दचकून उठतं. आणि मानकांत पातळी आहे. रात्री किती विमानं उडवायची, ही संख्या नाहीच.

हे आत्ता लिहायचं कारण आपलं ओझर. एचएएलच्या लढाऊ विमानांचा आवाज जानोरी-ओझरकरांना नवा नाही. तो देशाच्या संरक्षणाचा भाग, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी बोलतेय ती प्रवासी आणि मालवाहू विमानांबद्दल. २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी विमानतळ वाढतोय, दुसऱ्या धावपट्टीचं ठरलंय. वाढू द्या की! नाशिकला विमान हवंच आहे. पण मुंबईत कुर्ला-घाटकोपरच्या छपरांवरून विमानं रात्रभर उतरतात, आणि तिथे आता काही करायला जागाच उरली नाही. आपल्याकडे अजून द्राक्षबागा आहेत, म्हणून नियम आधी करता येईल.

मुलांच्या शिकण्याशी याचा संबंध काय, असं कुणी विचारेल. म्युनिकचा जुना विमानतळ १९९२ मध्ये बंद होऊन दुसरीकडे नवा सुरू झाला. संशोधकांनी दोन्हीकडची साधारण दहा वर्षांची मुलं आधी आणि नंतर तपासली. नव्या विमानतळाजवळच्या मुलांचं वाचन आणि स्मरण घसरलं, जुन्याजवळच्या मुलांचं सुधारलं. हा परिणाम बहुतेक दिवसाच्या आवाजाचा, हे खरं. पण रात्री झोपमोड झालेलं पोर सकाळी पहिल्या तासाला कसं पेंगतं, ते तुम्हाआम्हाला कुठल्या संशोधनाने सांगायला नको.

फ्रँकफर्टसारख्या प्रचंड विमानतळावर २०११ पासून रात्री ११ ते पहाटे ५ नियमित उड्डाणं बंद आहेत. हीथ्रोवर रात्रीच्या विमानांचा कोटा ठरलेला असतो. तिथला धंदा काही बुडाला नाही. मग ओझरला ११ ते ५ ची बंदी का नको? आजारी माणसाचं विमान, अडचणीत सापडलेलं विमान, त्यांना सूट हवीच. कुंभाच्या पर्वणीलाही द्या, पण गणपतीत देतात तशी, तारखा आधी जाहीर करून. नाहीतर पर्वणी संपते आणि सूट तशीच राहते!

दुसरी मागणी आवाजाच्या नकाशाची. कुठल्या गावात, कुठल्या शाळेवर किती डेसिबल, हे मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागलं पाहिजे. जास्त आवाजाच्या पट्ट्यात नवी शाळा बांधायची नाही, आणि जी आहे तिला जाड काचा व पक्कं छत विमानतळाच्या खर्चातून.

ओझर, जानोरी, मोहाडीच्या शाळा व्यवस्थापन समित्यांनी पुढच्या बैठकीत एवढे दोन ठराव घ्यावेत आणि ग्रामसभेत मांडून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावेत. विमानांचं नवं वेळापत्रक लागण्याआधी ते पोचले, तर उपयोग आहे.